शाळेचे सांडपाणी आणि आपली काळी जमीन

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. या सोळाही तालुक्यांतल्या खेड्यांत शाळा आहे, शाळेला संडास आहे, मुतारी आहे, हात धुवायला तोट्या आहेत. पण हे सगळे पाणी शेवटी जाते कुठे, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येते. शहरासारखी जमिनीखालची गटार योजना खेड्यात नाही आणि ती लवकर येईल अशी चिन्हेही नाहीत. मग शाळेचे पाणी आवारातच साचते, कुंपणाखालून शेजारच्या वावरात शिरते, नाही तर रस्त्याच्या नालीला लागते.

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व राज्यांना सहा महिन्यांच्या आत शाळांत संडास बांधून देण्यास सांगितले. २०१४ मध्ये 'स्वच्छ विद्यालय' मोहीम आली. त्यामुळे भिंती उभ्या राहिल्या, भांडी बसली, फरशा लागल्या. भिंतीच्या पलीकडे जमिनीत काय घडते याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. खड्डा तुंबला की संडासाला कुलूप लागते. कुलूप लागले की सहावी-सातवीतल्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहू लागतात. पुढे शाळाच सुटते. म्हणून हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

कृषी खात्याच्या माणसाने संडासावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सोपे आहे. संडासाचे भांडे मिस्त्री बसवतो, पण त्यातले पाणी जिरवते ती जमीन. आणि जमीन हा आपला, म्हणजे कास्तकाराचा आणि कृषी खात्याचा विषय आहे.

काळी जमीन पाणी का पीत नाही?

पैनगंगेच्या आणि वर्धेच्या काठची आपली भारी काळी जमीन कपाशीला चांगली. ती पाणी धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू पऱ्हाटी दसऱ्यानंतरही तग धरते. पण जो गुण पिकाला उपयोगी, तोच शोषखड्ड्याला अडचणीचा. या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. सुकली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्याने खड्ड्याचे विटांचे बांधकाम सरकते, पाइपाचे सांधे निखळतात आणि चेंबर तिरपे होते.

सांडपाणी रोज सोडले तर जमीन किती पाणी जिरवते, याचे काही ठरावीक दर अभियंते धरतात. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला रेताड जमिनीत ५० लिटर, पोयट्याच्या जमिनीत ३० लिटर, चिकण पोयट्यात २० लिटर आणि चिकणमातीत फक्त १० लिटर. म्हणजे रेताड जमिनीत ज्या मापाचा खड्डा पुरतो, त्याच्या पाचपट मोठा खड्डा आपल्या काळ्या जमिनीत लागेल. बाहेरच्या जिल्ह्यातला नकाशा जसाच्या तसा उचलून इथे बांधला की दुसऱ्याच पावसाळ्यात लोक म्हणू लागतात, "साहेब, पाणी मुरतच नाही जी!" दोष मिस्त्रीचा नसतो, जमीन न पाहता घेतलेल्या मापाचा असतो.

सगळा जिल्हा काळाच आहे असेही नाही. उंचवट्यावरच्या बरड जमिनीत हात-दोन हातांवर मुरूम लागतो. मुरमात पाणी बरे जिरते. वणीकडे चुनखडीचा पट्टा आहे. तिथे आणि फुटलेल्या खडकाच्या जागी पाणी इतक्या वेगाने खाली जाते की ते गाळले न जाता थेट विहिरीला मिळण्याची भीती असते. म्हणजे पाणी न मुरणे वाईट आणि भलतेच लवकर मुरणेही वाईट.

आधी जमिनीची परीक्षा घ्या

माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आपण सांगतो. तोच नियम इथेही लावावा. परीक्षा सोपी आहे, शाळेतल्या गुरुजींना मुलांकडूनही करून घेता येईल.

जिथे शोषखड्डा घ्यायचा आहे तिथे खड्ड्याच्या नियोजित खोलीपर्यंत उतरून तळाशी वीतभर रुंदीचे उभ्या बाजूंचे छिद्र घ्यावे. त्याच्या बुडाशी दोन इंच बारीक गिट्टी टाकावी. गिट्टीवर फूटभर पाणी भरून रात्रभर ठेवावे, म्हणजे माती पुरती भिजते. दुसऱ्या दिवशी गिट्टीवर सहा इंच पाणी राहील असे करून अर्ध्या तासात पाणी किती उतरते ते पट्टीने मोजावे. त्यावरून २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात हे काढावे.

३० मिनिटांच्या आत इंचभर पाणी उतरत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे लागत असतील तर खड्ड्याऐवजी लांब चर घ्यावा. ६० मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडावा आणि दुसरा मार्ग धरावा. सेप्टिक टँकच्या पाण्याबाबत भारतीय मानकात हीच विभागणी दिलेली आहे.

एक सावधगिरी. ही परीक्षा मे महिन्यात कोरड्या काळ्या जमिनीत घाईने घेतली तर पाणी भेगांतून सर्रकन खाली जाईल आणि जमीन पास झाली असे वाटेल. तीच जमीन ऑगस्टमध्ये थेंबभर पाणी घेणार नाही. म्हणून रात्रभर भिजवणे टाळू नये. शक्य असेल तर परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी घ्यावी. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे जमीन भिजते आणि पोरे शाळेत येतात ती एकाच सुमारास. आपली योजना त्या दिवसांत टिकली पाहिजे, उन्हाळ्यात कोणतीही टिकते.

तीन पाणी, तीन वाटा

शाळेतून तीन प्रकारचे पाणी निघते. एक संडासाचे, दुसरे मुतारीचे, तिसरे हात धुण्याचे आणि पोषण आहाराची ताटे-भांडी धुण्याचे. हे तिन्ही एकाच खड्ड्यात सोडणे ही जागोजागी दिसणारी पद्धत आहे आणि बहुतेक खड्डे त्यामुळेच तुंबतात. संडासाचे पाणी थोडे, पण रोगजंतूंनी भरलेले. ताटे धुण्याचे पाणी पुष्कळ, पण त्यात जंतूंपेक्षा तेल, साबण आणि खिचडीचे शीत जास्त. थोड्या घाण पाण्यात पुष्कळ बऱ्या पाण्याची भर घातली की सगळेच पाणी घाण होते, आणि ते सगळे जिरवावे लागते.

पहिली ते सातवीची, १२० मुलांची जिल्हा परिषद शाळा धरून हिशेब करू. दर मुलामागे हात-तोंड धुण्याला २ लिटर, ताट धुण्याला २ लिटर आणि स्वयंपाकघराचे शंभरेक लिटर धरले तर रोजचे जवळजवळ ६०० लिटर पाणी होते. दिवसाची शाळा असल्यामुळे शौचाला जाणारी मुले कमी असतात. तीस-चाळीस वेळा वापर आणि धुणेपुसणे धरून संडासाचे पाणी दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास राहते. म्हणजे खरे घाण पाणी दीडशेच लिटर आहे. ते वेगळे ठेवले तर काम सोपे होते.

हा हिशेब खेड्यासाठी असलेले उताराचे भांडे बसवले तरच जमतो. त्या भांड्याचा उतार जास्त आणि कोंबड्यातल्या पाण्याची पातळी फक्त २० मिलिमीटर असते, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये ते साफ होते. शहरी भांड्याला एका वेळी आठ-दहा लिटर लागतात. पाणी भरून आणायचे असेल तर पोरे दहा लिटर ओतणार नाहीत, आणि ओतले तर खड्डा भरेल.

संडासाला दोन खड्डे

मुरमाच्या जमिनीत दोन खड्ड्यांचा संडास सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. पहिला भरला की मधल्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला दीड ते दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात त्याचे कोरडे, वास नसलेले खत होते.

आपल्या १२० मुलांच्या शाळेला दीडशे लिटर पाणी जिरवायचे आहे. मुरमाला पोयट्याचा दर, म्हणजे चौरस मीटरला ३० लिटर धरला, तर ५ चौरस मीटर भिंत लागते. सव्वाचार फूट व्यासाचा आणि पाणी येते त्या पाइपाखाली चार फूट खोल असा खड्डा तेवढी भिंत देतो. असे दोन घ्यावेत. दोन खड्ड्यांमध्ये निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर ठेवावे, नाही तर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात पाझरते आणि खत तयारच होत नाही. भिंत जाळीची, तळ मातीचा. बुडाला सिमेंट करण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. साध्या जमिनीत तसे केले की खड्ड्याची टाकी होते.

जमीन थोडी काळी असेल तर खड्डा फूटभर रुंद खोदून भिंतीभोवती रेती आणि विटांचे तुकडे यांचा फूटभर थर भरावा. त्यामुळे फुगणारी माती थेट भिंतीला रेटत नाही आणि पाण्याला पसरायला जागा मिळते. खोल काळी जमीन असेल, इंचभर पाणी उतरायला तासाहून जास्त लागत असेल, तर मात्र दोन खड्ड्यांचा हट्ट धरू नये.

तिथे सेप्टिक टँक घ्यावा. पण सेप्टिक टँक म्हणजे शुद्धीकरण झाले, हा गैरसमज काढून टाकावा. टाकीत गाळ खाली बसतो, तेल वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. त्या पाण्यातली निम्म्याहून जास्त घाण आणि बहुतेक रोगजंतू तसेच असतात. ते पाणी नालीत सोडणे म्हणजे उघड्यावर शौचाला बसण्याचाच प्रकार, फक्त पाइपातून. टाकी मानकाप्रमाणे किमान १,००० लिटरची, अडीच फुटांहून कमी रुंद नको, आत पाणी निदान एक मीटर खोल आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट हवी. वास जाण्याचा पाइप छताच्या वर न्यावा आणि त्याला जाळी बांधावी. टाकीतून निघालेले पाणी पुढे सांगितलेल्या गिट्टीच्या वाफ्यासारख्याच, पण वेगळ्या वाफ्यात सोडावे. हात धुण्याच्या पाण्याच्या वाफ्यात ते मिसळू नये.

मुतारीचे पाणी शोषचरात सोडून त्यावर झाडे लावावीत. लघवीत नत्र असते, ते खड्ड्यात कुजवण्यापेक्षा कडुनिंबाला, शेवग्याला मिळालेले काय वाईट? कोकणात गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी मलमूत्राचे खत करण्याचा विचार फार पूर्वी मांडला आणि स्वतःच्या हातांनी करून दाखवला. खताची गोणी विकत घेणाऱ्या आपल्याला तो अजून पटायचा आहे.

ताटे धुण्याच्या पाण्याला नांदेडचा धडा

उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातला हिमायतनगर तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्या बंद केल्या आणि डासांचा त्रास घालवला. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली टाकी, भोवती आणि खाली दगड, रेती अजिबात नाही. जिल्हा परिषदेने हे काम पुढे रोजगार हमीतून जिल्हाभर नेले आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते राज्यात गाजले. आपल्याकडूनही पुष्कळ मंडळी पाहून आली.

हा खड्डा चांगला आहे, पण तो घराच्या मापाचा आहे. त्याच्या चार भिंती मिळून ६४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६ चौरस मीटर होतात. मुरमात तो दिवसाला १८० लिटर जिरवेल, पाच माणसांच्या घराला तेवढे पुरते. चिकण काळ्या मातीत तोच खड्डा ६० लिटर जिरवील. आपल्या शाळेचे पाणी ६०० लिटर आहे. शाळेच्या नळाखाली एकच असा खड्डा घेऊन फोटो काढला तर तो कामाच्या यादीत जाईल, पण श्रावणात त्यातून पाणी वर येईल.

मुरमाच्या जागी ६०० लिटरला २० चौरस मीटर भिंत हवी. तीन फूट खोल, दोन फूट रुंद आणि ३६ फूट लांब चर घेतला तर त्याच्या दोन बाजू मिळून तेवढे माप भरते. चरात मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर जुन्या पोत्याचा थर आणि माती. कुंपणाच्या कडेने असा चर घेतला तर जागाही अडत नाही आणि वर शेवगा, पपई लावता येते. काळ्या मातीत मात्र याच हिशेबाने शंभर फुटांहून लांब चर लागेल. म्हणून तिथे पाणी जमिनीला न देता झाडाला द्यावे.

मुरत नाही तर झाडाला द्या

यासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचे साहित्य लागते. वीस फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल वाफा खोदावा. त्यात शेततळ्याला अंथरतो तसा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्यावर अर्धा ते पाऊण इंची धुतलेली गिट्टी भरावी. एका टोकाने पाणी आत, दुसऱ्या टोकाने तळातून बाहेर. बाहेरचा पाइप असा वाकवावा की पाण्याची पातळी गिट्टीच्या दोन-तीन इंच खाली राहील. पाणी उघडे दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. गिट्टीत कर्दळ, वाळा, पाणकणीस लावावे. एवढ्या वाफ्यात गिट्टीच्या फटींमध्ये सुमारे २,००० लिटर पाणी मावते, म्हणजे रोजचे ६०० लिटर पाणी तीन दिवसांहून जास्त काळ मुळ्यांतून आणि गिट्टीवरच्या जंतूंमधून फिरते आणि निवळून बाहेर पडते.

वाफ्याच्या आधी दोन गोष्टी विसरू नयेत. एक, खरकटे अडवणारी जाळी. दुसरी, तेल अडवणारा छोटा हौद, ज्यात मध्ये आडवी फरशी असते आणि पाणी फरशीखालून जाते. जाळी रोज आणि हौद आठवड्याने साफ करावा. हे केले नाही तर खिचडीचे तेल गिट्टीत जाऊन बसेल आणि वर्षभरात वाफा बंद पडेल.

निवळलेले पाणी परसबागेला द्यावे. हिवाळ्या-उन्हाळ्यात भाजीपाल्याला चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर पाणी धरले तर ६०० लिटरवर सव्वा गुंठ्याची बाग होते. केळीच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर लागते, म्हणजे दहा केळी दीड-दोनशे लिटर सहज पितात. वांगी, दोडका, दुधी, शेवगा, केळी चालतात. कोथिंबीर, मेथी, मुळा असे कच्चे खाल्ले जाणारे किंवा जमिनीलगतचे पीक या पाण्यावर घेऊ नये. पाणी झाडाच्या आळ्यात द्यावे, पानांवर शिंपडू नये.

पावसाळ्यात झाडे पाणी पीत नाहीत, मग काय? निवळलेले जास्तीचे पाणी पावसाच्या पाण्याबरोबर नालीने गेले तरी त्यात संडासाचा थेंब नसल्यामुळे धोका कमी राहतो. तीन पाणी वेगळी ठेवण्याचा खरा फायदा इथे कळतो. काळ्या जमिनीत सेप्टिक टँकच्या पाण्याचा वाफा मात्र नालीपासून तोडूनच ठेवावा. तो मोठा घ्यावा आणि त्यापुढे उंचवट्यावर झाडांचा पट्टा ठेवावा. सुट्टीत पाणी बंद होते, वाफा सुकतो. कर्दळीचे गड्डे जिवंत राहतात, पाऊस पडला की पुन्हा फुटतात. नाजूक झाडे लावू नयेत ती म्हणूनच.

आश्रमशाळांचा हिशेब वेगळा

पांढरकवडा आणि पुसद या दोन्ही प्रकल्पांतल्या आश्रमशाळांत मुले राहतात, अंघोळ करतात, कपडे धुतात. दिवसाच्या शाळेला दर मुलामागे ४५ लिटर, तर निवासी शाळेला १३५ लिटर पाणी धरण्याचे मानक आहे. ३०० मुलांची आश्रमशाळा धरली तर रोजचे ४० हजार लिटर, आणि त्यातले ३२ हजारांच्या आसपास सांडपाणी. याला खड्डे पुरणार नाहीत.

शेजारच्या मध्य प्रदेशात धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आदिवासी आश्रमशाळांत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने युनिसेफबरोबर काम केले आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिथली अडचण आपल्यासारखीच होती. संडास होते, पण पाण्याअभावी मुले ते वापरत नव्हती. अंघोळीचे पाणी वेगळे घेऊन, गाळ बसवून, गिट्टी-रेतीतून गाळून, ब्लीचिंग पावडर टाकून तेच संडासात ओतायला आणि बागेला वापरण्यात आले. अंघोळ रोज होते, म्हणून संडासाला पाणीही रोज मिळते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्याचे जे हाल पाहिले ते आठवले, तर एकच पाणी दोनदा वापरण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मोठ्या आश्रमशाळेत संडासाच्या पाण्याला सेप्टिक टँक, त्यापुढे आडव्या-उभ्या भिंतींची बंद टाकी आणि त्यापुढे झाडांचा गिट्टी वाफा अशी साखळी करता येते. पाणी उताराने जाते, वीज लागत नाही. नीरीने याच तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे. ३२ हजार लिटर निवळलेले पाणी दिवसाला ५ मिलिमीटरने दिले तर दीड एकरावर चारा किंवा झाडे जगतात. गजराज गवत, नेपियर, बांबू, फळझाडे यांचा विचार करावा.

संडास बायोगॅसला जोडण्याचाही मार्ग आहे. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी यासाठी 'मलप्रभा' हे बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. ३०० मुलांचा स्वयंपाक एवढ्यावर होणार नाही, पण पाणी तापवायला, दूध उकळायला हातभार लागतो. शेण घातले तर गॅस वाढतो.

यंत्राचा मोह

कधी कधी विजेवर चालणारे तयार शुद्धीकरण यंत्र बसवण्याचा प्रस्ताव येतो. दिसायला ते छान असते. पण त्यातल्या जंतूंना रोज हवा आणि रोज सांडपाणी लागते. वीज बराच वेळ गेली किंवा शाळा दिवाळीत पंधरा दिवस बंद राहिली की त्यांचे काम बिघडते. ते चालवायला माणूस, वीज बिल आणि दुरुस्ती लागते. शंभर-दीडशे मुलांच्या शाळेने त्याच्या मागे लागू नये. जे यंत्र गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही, ते शाळेत टिकत नाही.

विहीर आणि हातपंप जपा

मऊ, बारीक मातीत आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीपासून दोन मीटर वर असेल तर मानकानुसार विहिरीपासून तीन मीटर अंतरही चालते. पण पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या आपल्या भागात दहा मीटरच्या आत खड्डा घेऊ नये. फुटलेल्या खडकात आणि चुनखडीत त्याहून दूर जावे. तिथे तळ बंद करून भिंतीभोवती दीड-दोन फूट रेती भरावी. खड्डा नेहमी विहिरीच्या उताराकडच्या बाजूला असावा.

याला आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. पांढरकवडा, झरी जामणी भागात खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडले आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा पर्याय नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे पोरांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. अशा गावात उथळ विहिरीचे पाणी हाच बहुधा बरा पर्याय असतो. संडासाच्या पाण्याने ती विहीर बिघडवली तर मुलांना पाजायला उरते ते फ्लोराइडचे पाणी. एक चुकीचा खड्डा गावाचा चांगला झरा घालवू शकतो.

माणूस टाकीत उतरवू नका

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. तो उपसायला माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि टाकीतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो. उपशाच्या गाडीचीच व्यवस्था करावी. गाडी टाकीपर्यंत जाईल असा रस्ता बांधकामाच्या वेळीच ठेवावा, झाकणावर वर्गखोली किंवा ओटा बांधू नये. उपसलेला मैला नाल्यात ओतू देऊ नये. संडासात फिनाइल, ॲसिड ओतण्याची सवय मोडावी, त्याने टाकीतले कुजवणारे जंतूच मरतात. घासायला ब्रश आणि साधी धुण्याची पावडर पुरते.

ग्रामसभेत मांडा

शाळा व्यवस्थापन समितीने आधी एक साधा नकाशा काढावा. विहीर कुठे, हातपंप कुठे, उतार कुठला, काळी माती किती फूट, मुरूम किती फुटांवर. मग मुरण्याची परीक्षा. मग पंचायत समितीच्या अभियंत्याकडून माप आणि अंदाजपत्रक. ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांकडे देऊन गावाच्या विकास आराखड्यात घालून घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या निधीत साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. किती गावांनी त्यातला रुपया शाळेच्या सांडपाण्यावर लावला, हे प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाहावे. पुढच्या निधीत तरी शाळेचे नाव यादीत वर असू द्यावे.

बांधल्यावर सांभाळणार कोण, हे त्याच ठरावात लिहावे. जाळी रोज कोण काढणार, हौद आठवड्याला कोण साफ करणार, खड्डा वळवल्याची तारीख कोण लिहून ठेवणार. ती तारीख संडासाच्या भिंतीवर रंगवून ठेवली तर उत्तम. गुरुजी बदलतात, सरपंच बदलतात, भिंत राहते.

वावरात पाणी साचले तर आपण रात्री उठून बांध फोडतो, कारण पऱ्हाटी पिवळी पडते. शाळेच्या आवारात साचलेल्या पाण्यातून आपलीच पोरे रोज चालत वर्गात जातात. जमीन वाफशावर असताना परीक्षा घ्यावी, दिवाळीनंतर खोदकाम करावे आणि शाळा उघडण्याआधी पहिला पाऊस अंगावर घेऊन पाहावा. हे काम गावातल्या मिस्त्रीला येते, साहित्य तालुक्याला मिळते आणि जमिनीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. ठरवायचे तेवढे बाकी आहे.